के.जी.चे आजोबा : फ्रेडरिक फ्रोबेल

के.जी. ही दोन अक्षरं आपल्या सोसायटीत रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असतात. ज्युनियर के.जी., सिनियर के.जी., के.जी.ची ॲडमिशन, के.जी.ची फी, के.जी.चं गॅदरिंग. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. म्हणजे पहिल्या वर्षी जी मुलं के.जी.त होती ती आता तिशीला टेकली, आणि त्यातल्या काहींची मुलं पुन्हा के.जी.च्या वयाची झाली. पण के.जी. म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर आपण किंडरगार्टन एवढं सांगतो आणि थांबतो. हा शब्द जर्मन आहे. किंडर म्हणजे मुलं आणि गार्टन म्हणजे बाग. मुलांची बाग. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत त्याला बालोद्यान म्हणत. हा शब्द एका माणसाने विचार करून बनवला, त्यासाठी सगळं आयुष्य खर्ची घातलं, आणि शेवटी त्याच्या डोळ्यांदेखत सरकारने त्या बागांना कुलूप ठोकलं. स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा वाटलं, की या फ्रोबेल आजोबांची एकदा आपल्या मंडळींशी ओळख करून द्यावी. ज्यांच्या घरात तीन ते सहा वर्षांचं मूल आहे त्यांनी तर जरूर वाचावं.

आईविना वाढलेलं पोर

फ्रेडरिक फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२चा. जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचा डोंगराळ, जंगलांनी भरलेला मुलूख आहे. तिथल्या ओबरवाइसबाख नावाच्या खेड्यात वडील धर्मोपदेशक होते. फ्रेडरिक नऊ महिन्यांचा असताना आई गेली. वडिलांना आजूबाजूच्या गावांचं काम, त्यामुळे घराकडे बघायला सवड नाही. पुढे सावत्र आई आली. आधी तिने लळा लावला, पण स्वतःचा मुलगा झाल्यावर तिचं मन फिरलं. घरातल्या मुलाला जसं अरे-तुरे करतात तसं करणंही तिने सोडून दिलं. समोर उभ्या मुलाशी ती परक्याबद्दल बोलावं तशी बोलायची. एवढ्याशा पोराला ते समजलं, आणि म्हातारपणापर्यंत ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

वाचायला शिकताना त्याला जड जायचं. वडिलांनी हा मुलगा मंद आहे असं ठरवून टाकलं आणि गावातल्या मुलींच्या शाळेत बसवलं. घराच्या कुंपणाच्या आत एकट्याने खेळायचं, बागेतली रोपटी आणि किडे बघत बसायचं, असं त्याचं बालपण गेलं. दहा वर्षांचा झाल्यावर मामाला दया आली. मामा त्याला श्टाटइल्म गावी आपल्या घरी घेऊन गेला. तिथे पहिल्यांदा त्याला बरोबरीची मुलं भेटली, मैदान भेटलं. मुलाच्या जिवाला खेळ किती लागतो, हे फ्रोबेलना पुस्तक वाचून कळलेलं नव्हतं. ते त्यांनी आधी न मिळाल्यामुळे आणि नंतर मिळाल्यामुळे असं दोन्ही बाजूंनी अनुभवलं होतं.

धरसोडीची वर्षं

यापुढची वीस वर्षं बघितली तर आपल्यातला कोणीही बाप म्हणेल, की या मुलाचं काही खरं नाही. पंधराव्या वर्षी एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी केली. त्याने फारसं शिकवलं नाही, म्हणून जंगलात फिरून आणि पुस्तकं वाचून वनस्पती आणि भूमिती स्वतःच शिकला. मग येना इथल्या विद्यापीठात गेला. तिथे भावाला पैसे उसने दिले, ते परत आले नाहीत, स्वतःवर कर्ज झालं आणि विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे बसायची पाळी आली. वडिलांनी सोडवलं, पण वारशावरचा हक्क सोडायला लावून. त्यानंतर जमीन मोजणी, हिशेबनीस, शेतीवाडीची देखरेख अशी मिळेल ती नोकरी केली.

१८०५ साली फ्रोबेल वास्तुशास्त्र शिकायला फ्रँकफर्टला गेले. तिथे एका नमुना शाळेचे मुख्याध्यापक ग्रुनर यांच्याशी ओळख झाली. ग्रुनरनी या तरुणाला ओळखलं, आणि घरं बांधायचं सोडून माझ्या शाळेत शिकवायला ये, असा आग्रह धरला. मुलांसमोर उभं राहिल्यावर फ्रोबेलना कळलं, की आपली जागा हीच.

त्या काळात शिक्षणातलं मोठं नाव म्हणजे स्वित्झर्लंडचे पेस्टालॉझी. मुलाने आधी वस्तू बघावी, हातात घ्यावी, मग तिचं नाव आणि आकडा शिकावा, असं त्यांचं म्हणणं होतं. फ्रोबेल त्यांच्याकडे इव्हर्दाँला एकदा जाऊन आले आणि नंतर १८०८ ते १८१० अशी दोन वर्षं, शिकवणीच्या मुलांना बरोबर घेऊन, तिथेच राहिले. पुष्कळ घेतलं, पण एक गोष्ट त्यांना खटकत राहिली. मुलं बघतात, मोजतात, नावं सांगतात, हे ठीक. पण स्वतःच्या हाताने काही बनवतात कुठे?

दगडांनी शिकवलेली भूमिती

या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं ते शाळेत नव्हे, तर दगडांच्या कपाटात. १८१२ साली ते बर्लिनला गेले. तिथे प्राध्यापक वाइस स्फटिकांचा अभ्यास शिकवत. मधेच नेपोलियनविरुद्धचं युद्ध सुरू झालं. १८१३ मध्ये फ्रोबेल स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेले. तिथे लांगेटाल आणि मिडेनडॉर्फ हे दोन तरुण भेटले, आणि ही मैत्री जन्मभराची ठरली. युद्धावरून परतल्यावर वाइस यांच्याच हाताखाली खनिजांच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. दिवसभर स्फटिक लावायचे, मोजायचे, त्यांच्या जाती ठरवायच्या.

आपल्या घरातल्या मिठाचा खडा भिंगाखाली धरून बघा. छोटे छोटे ठोकळे दिसतील. मिठाला कोणी फूटपट्टी दिलेली नसते, तरी त्याचे कोपरे काटकोनात येतात. फ्रोबेल श्रद्धाळू माणूस. त्यांना वाटलं, की निर्जीव दगड ज्या नियमाने आतून बाहेर वाढतो, तसाच काही नियम झाडात आणि माणसाच्या मुलातही असणार. आणि तसं असेल, तर गोल, चौकोन, त्रिकोण, एक, दोन, चार या गोष्टी मुलाच्या डोक्यात बाहेरून कोंबायच्या नसतात. साधे, नीट आकार हातात दिले की मूल त्या स्वतःच शोधून काढेल. त्यांच्या या तत्त्वज्ञानातलं सगळं आज पटेलच असं नाही. पण त्यातून निघालेले ठोकळे मात्र पटतात.

पाच पुतणे-भाचे नव्हे, पाच पुतणे!

त्यांचे मोठे भाऊ क्रिस्टोफ हे ग्रीसहाइम गावचे धर्मोपदेशक होते. युद्धात आजारी सैनिकांची सेवा करताना टायफसची साथ लागून ते वारले. मागे विधवा वहिनी आणि तीन मुलगे. हे कळल्यावर फ्रोबेलनी संग्रहालयाची चांगली नोकरी सोडली आणि १८१६ साली वहिनीच्या गावी येऊन शाळा काढली. या भावाचे तीन आणि दुसऱ्या भावाचे दोन असे पाच पुतणे, हे पहिले विद्यार्थी. त्यातला एक छोटा कार्ल. या कार्लचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे फार महागात पडणार आहे.

पुढच्याच वर्षी शाळा जवळच्या काइलहाऊ खेड्यात गेली. सैन्यातले दोघे मित्रही येऊन मिळाले. १८१८ साली बर्लिनच्या हेन्रिएट यांच्याशी लग्न झालं. सुखवस्तू घरातली ही बाई खेड्यात येऊन राहिली आणि शाळेचा संसार तिने आपला मानला. पैशाची कायम ओढाताण असे. तरीही शाळा वाढली, मुलांची संख्या साठच्या घरात गेली. १८२६ साली त्यांनी माणसाचं शिक्षण या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. पण त्या काळी जर्मन संस्थानांमध्ये नव्या विचारांची भीती पसरली होती. या शाळेत राजद्रोही विचार शिकवतात, असा वहीम आला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने उलट शाळेची स्तुती करणारा अहवाल दिला. पण एकदा बभ्रा झाला की झाला. आईबापांनी मुलं काढून घेतली आणि बोटांवर मोजण्याएवढी उरली.

१८३१ साली फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले. तिथे १८३५ पासून बुर्गडॉर्फच्या अनाथाश्रमाचं काम त्यांच्याकडे आलं. तिथे एक गोष्ट त्यांना वारंवार दिसली. शाळेच्या वयात येईपर्यंत मुलाचं पुष्कळसं बरंवाईट होऊन गेलेलं असतं. शाळा सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होते, पण शिकणं तर पाळण्यातच सुरू होतं. त्या आधीच्या वर्षांचं काय? त्या वर्षांकडे कोणीच बघत नव्हतं. श्रीमंतांची मुलं दायांकडे, गरिबांची रस्त्यावर. फ्रोबेल तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात माणूस व्ही.आर.एस.चा विचार करतो. यांनी या वयात खरं काम सुरू केलं.

लोकरीचा चेंडू ते सत्तावीस ठोकळे

बायकोची तब्येत बिघडली म्हणून १८३६ साली ते जर्मनीला परतले आणि १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग गावात त्यांनी लहान मुलांच्या खेळसाहित्याचं काम सुरू केलं. या साहित्याला त्यांनी नाव दिलं देणग्या. म्हणजे मुलाला दिलेली भेट. ही यादी आईआजींनी सावकाश वाचावी, कारण सगळी गंमत यात आहे.

पहिली देणगी म्हणजे दोरीला बांधलेले लोकरीचे सहा चेंडू, सहा रंगांचे. तान्ह्या मुलासमोर झुलवायचे. आला, गेला, वर, खाली, लपला, सापडला. आपल्याकडे पाळण्यावर चिमण्या-पोपट टांगतात, तसंच.

दुसऱ्या देणगीत लाकडाचे तीन आकार : गोळा, घन आणि नळकांडं. गोळा घरंगळतो, घन ठाम उभा राहतो, आणि नळकांडं आडवं ठेवलं तर घरंगळतं, उभं ठेवलं तर उभं राहतं. म्हणजे ते दोघांमधला दुवा. घनाला दोरी बांधून गरागरा फिरवला की तो नळकांड्यासारखा दिसायला लागतो. मुलाला ही जादूच वाटते.

तिसरी देणगी म्हणजे दोन इंच बाजूचा लाकडी घन, पण आठ तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा एक इंचाचा घन. मुलाला वस्तू मोडून आत काय आहे बघायची फार हौस असते. आपण त्याला ओरडतो. फ्रोबेलनी मोडण्यासाठीच बनवलेली आणि पुन्हा जोडता येणारी वस्तू त्याच्या हातात दिली. आठाचे दोन भाग केले, चार आणि चार. चाराचे पुन्हा दोन आणि दोन. अर्धा, पाव, अष्टमांश हे शब्द कानावर पडायच्या आधीच हाताला कळले.

चौथ्या देणगीतही दोन इंचांचाच घन आणि आठच तुकडे, पण ते विटांसारखे : दोन इंच लांब, एक इंच रुंद, अर्धा इंच जाड. हिशेब करून बघा. ही वीट आणि आधीचा एक इंची घन, दोघांत लाकूड अगदी सारखं, एक घन इंच. पण एक बुटकी पसरट, दुसरा आटोपशीर चौकोनी. आकार बदलला म्हणून वस्तू कमीजास्त होत नाही, हे मोठ्या माणसांनाही चटकन पटत नाही. उंच पेल्यातलं सरबत जास्त आहे म्हणून घरोघरी भांडणं होतात, ती याचमुळे.

पाचवीत तीन इंचांचा घन, तीन त्रिक नऊ आणि नऊ त्रिक सत्तावीस असा. त्यातले तीन ठोकळे तिरके अर्धे कापलेले आणि तीन तिरके कापून चार-चार भाग केलेले. एकवीस अख्खे, सहा अर्धे, बारा पाव, मिळून ३९ तुकडे. आता घराला उतरतं छप्पर आलं, त्रिकोण आला. सहावीत सत्तावीस विटा, त्याही काही आडव्या तर काही उभ्या कापलेल्या. त्यापुढे लाकडी चपट्या पट्ट्या, काड्या, कड्या, बिया. म्हणजे घनापासून पृष्ठभाग, पृष्ठभागापासून रेघ आणि रेघेपासून ठिपका. आपली पाठ्यपुस्तकं ठिपक्यापासून सुरू होतात आणि घनाला दहावीला पोचतात. फ्रोबेलनी हा क्रम उलटा लावला, कारण मूल आधी चेंडू बघतं, बिंदू नाही.

देणग्यांच्या जोडीला हातकाम. कागदाच्या घड्या घालणं, कागदी पट्ट्यांची चटई विणणं, कातरकाम, कार्डावर टोचून भोकं पाडणं आणि त्यातून दोरा ओवणं, मातीकाम. चटई विणताना एक वर, एक खाली असं करताना सम-विषम हातातून जातं. दोन वर, एक खाली असं केलं तर नक्षी बदलते आणि मुलाला मोजावंच लागतं. कोणी मोज म्हणून सांगावं लागत नाही.

आणि भिजवलेले वाटाणे! वाटाणे भिजवून मऊ करायचे आणि त्यात बारीक काड्या खोचून सांगाडे बनवायचे. घनाला आठ वाटाणे आणि बारा काड्या लागतात. त्रिकोणी मनोऱ्याला चार वाटाणे आणि सहा काड्या. घन डुगडुगतो, मनोरा हलत नाही. का, ते मुलाने शोधायचं.

फ्रोबेलचा एक नियम फार छान होता. मुलाने ठोकळ्यांचं घर केलं आणि त्याला आता पूल करायचा आहे, तर घर धाडकन पाडायचं नाही. एकेक ठोकळा सरकवत घराचाच पूल करायचा. आणि सगळे ठोकळे वापरायचे, एकही बाजूला टाकायचा नाही. खुर्ची, गाडी, घर हे एक प्रकारचे आकार. अर्धा-पाव, बेरीज-वाटणी दाखवणारे दुसऱ्या प्रकारचे. आणि मधे एक ठेवून चारी बाजूंना सारखी मांडलेली नक्षी हा तिसरा प्रकार. आपल्या रांगोळीसारखी. संसार, ज्ञान आणि सौंदर्य, तिन्ही त्याच आठ ठोकळ्यांत.

नाव सापडलं

१८३९ साली हेन्रिएट वारल्या. फ्रोबेल खचले, पण काम थांबलं नाही. संस्थेला काय नाव द्यावं हे बरेच दिवस ठरत नव्हतं. शाळा म्हणायचं नव्हतं, कारण तिथे शिकवणं नव्हतं. पाळणाघर म्हणायचं नव्हतं, कारण नुसतं सांभाळणं नव्हतं. १८४०च्या वसंतात मित्रांबरोबर काइलहाऊहून डोंगर ओलांडून ब्लांकेनबुर्गला येत असताना, खाली दरी बागेसारखी पसरलेली दिसली आणि नाव सुचलं : किंडरगार्टन. त्याच वर्षी २८ जूनला, छपाईच्या शोधाचा चारशेवा वर्धापन साजरा होत होता त्या दिवशी, त्याची रीतसर स्थापना झाली. नाव नुसतं शोभेचं नव्हतं. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे, आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा.

या बागेला माळी कोण? फ्रोबेलचं म्हणणं, बायका. त्यांनी तरुण मुलींना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. ज्या काळात चांगल्या घरच्या मुलीने पगारी काम करणं म्हणजे घराण्याला बट्टा, त्या काळात बालशिक्षिका हा मानाचा पेशा उभा राहिला. १८४४ साली आईने तान्ह्या मुलाशी खेळायच्या गाण्यांचं आणि बोटांच्या खेळांचं पुस्तकही त्यांनी काढलं.

बागेला कुलूप

१८४९ साली फ्रोबेल बाड लीबेनश्टाइनला आले. गावातली लहान पोरं मागे घेऊन नाचत-खेळत जाणारा हा पांढऱ्या केसांचा म्हातारा बघून लोक हसत, त्याला वेडा म्हणत. तिथे हवापालटाला आलेल्या एका सरदार घराण्यातल्या बाई, बेर्टा फोन मारेनहोल्ट्स-ब्यूलो, त्यांना भेटल्या. त्यांनी हसण्याऐवजी दोन तास उभं राहून बघितलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी सगळं आयुष्य या कामाला दिलं. १८५१ मध्ये फ्रोबेलनी आपली विद्यार्थिनी आणि सहकारी लुइझे लेविन यांच्याशी लग्न केलं. आता सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं.

आणि ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने हुकूम काढला : राज्यातली सगळी किंडरगार्टन बंद. कारण काय, तर ती मुलांना नास्तिकपणा आणि समाजवाद शिकवतात. १८४८ची क्रांती नुकतीच चिरडली गेली होती आणि सरकारला सगळीकडे क्रांतिकारक दिसत होते. घोळ असा झाला, की पुतण्या कार्ल फ्रोबेल याने मुलींची उच्च शिक्षणाची विद्यालयं आणि बालोद्यानं यावर एक पुस्तिका लिहिली होती. तिच्यातले विचार जहाल होते. मंत्रालयाने काका-पुतण्यांना एकाच दावणीला बांधलं. वहिनीच्या पोरांसाठी नोकरी सोडून ज्या पाच जणांना घेऊन शाळा काढली, त्यांतलाच हा कार्ल.

फ्रोबेलनी कागदपत्रं पाठवली, माणूस वेगळा आहे हे दाखवून दिलं, अर्ज केले. सरकारी हुकूम एकदा निघाला की मागे घेणं किती कठीण, हे सोसायटीची कन्व्हेयन्सची फाइल हातात घेऊन फिरलेल्यांना वेगळं सांगायला नको. हुकूम कायम राहिला. जेमतेम दहा महिन्यांनी, २१ जून १८५२ला, मारिएनथाल इथे फ्रोबेल गेले. वय सत्तर. जवळच्या श्वाइना गावात त्यांची समाधी आहे. तिच्यावर दगडाचे तीन आकार एकावर एक आहेत : खाली घन, मधे नळकांडं, वर गोळा. दुसरी देणगी.

बंदी उठली १८६० साली. मारेनहोल्ट्स-ब्यूलो बाईंनी त्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. ते बघायला फ्रोबेल नव्हते.

बाग जगभर

बंदीचा एक उलटा परिणाम झाला. तयार झालेल्या शिक्षिका देशाबाहेर गेल्या आणि बी सगळीकडे पडलं. लंडनमध्ये, मग १८५६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला, १८७६ मध्ये टोकियोला. त्याच १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात एका आईने फ्रोबेलचे ठोकळे बघितले आणि नऊ वर्षांच्या मुलासाठी ते मिळवले. तो मुलगा म्हणजे पुढचे जगप्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. आपल्या हातात ते ठोकळे शेवटपर्यंत राहिले, अशा अर्थाचं ते म्हातारपणीही सांगत. बकमिन्स्टर फुलर या मुलाची नजर अधू होती. त्याने बालवर्गात वाटाणे आणि काड्या चाचपून त्रिकोणांचा घट्ट सांगाडा केला. पुढे त्यांनीच त्रिकोणांचे प्रचंड घुमट उभारले.

आपल्या देशाशीही एक धागा आहे. मद्रासचे टी. सुंदर राव यांनी किंडरगार्टनच्या घडीकामाच्या कागदांवरून प्रेरणा घेऊन १८९३ साली कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. कंपास नको, फूटपट्टी नको, नुसता चौकोनी कागद. जर्मनीतले मोठे गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि पुढे शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. लहान मुलांचा खेळ गणितज्ञांच्या टेबलावर पोचला.

महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवलं ते ताराबाई मोडकांनी. त्या गिजुभाई बधेकांबरोबर मुख्यतः मॉंटेसरीच्या वाटेने चालल्या. पण १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने काम करताना, महाग साहित्य परवडणार नाही म्हणून आसपासच्या वस्तूंतून साहित्य उभं केलं. वाट वेगळी, पण हातातून डोक्याकडे जाण्याची दिशा तीच.

आपल्या घरातल्या देणग्या

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फ्रोबेलच्या मागे त्यांच्या काही अनुयायांनी या खेळाची कवायत करून टाकली. टाळी वाजली की सगळ्यांनी पहिला ठोकळा उचलायचा, दुसऱ्या टाळीला दुसरा. मूल काय करू बघतंय याकडे लक्षच नाही. पुढच्या पिढीतल्या शिक्षणतज्ज्ञांनी त्यावर टीका केली, आणि ती योग्य होती. म्हणजे नुसते ठोकळे असून भागत नाही. बघणारं माणूस लागतं.

आज आपल्या के.जी.तल्या मुलांकडे बघितलं की हीच काळजी वाटते. साडेतीन वर्षांचं मूल एक ते शंभर धडाधड म्हणून दाखवतं, आणि ताटलीतले सात शेंगदाणे मोजताना एकाच दाण्यावर दोनदा बोट ठेवतं. तोंडाला पाठ आहे, हाताला माहीत नाही. बोटांत बळ यायच्या आत पेन्सिल दिली जाते आणि संध्याकाळी पानभर चार गिरवताना आई आणि मूल दोघं रडकुंडीला येतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. शाळा ते करतील तेव्हा करतील. घरात आपण आजच करू शकतो, आणि त्यासाठी महागडी खेळणी मागवायची गरज नाही.

घडीची पोळी लाटताना गोलाचा अर्धा आणि अर्ध्याचा पाव मुलासमोर होत असतो, दाखवा. शंकरपाळी कापताना सुरी त्याच्या हातात नको, पण कातणं द्या, आणि तिरक्या रेघांतून तिरके चौकोन कसे पडतात ते बघू द्या. भेंडीच्या देठाकडच्या तुकड्याचा रंगात बुडवून ठसा उमटवला की पाकळ्या मोजायचा मोह होतोच. चार बाय चार ठिपक्यांच्या रांगोळीत सोळाची ओळख आहे. चिंचोके, सागरगोटे, गोट्या यांच्या जोड्या लावून एक उरतो का बघा, सम-विषम झालं. रात्री मूठभर छोले भिजत घाला आणि सकाळी टूथपिकची टोकं जरा बोथट करून घन आणि मनोरा करायला बसा. आजोबांनाही दोन तास मजा येईल. फक्त तीन वर्षांखालच्या पोरांच्या हाती दाणे आणि गोट्या देऊ नयेत, आणि खेळताना मोठं माणूस जवळ असावं.

आणि एक शेवटचं. आपल्या सोसायटीत बाराही महिने कोणाच्या ना कोणाच्या फ्लॅटमध्ये सुताराचं काम चालू असतं, आणि सगळे त्या आवाजाला वैतागलेले असतात. पुढच्या वेळी तक्रार करायला वर जाल तेव्हा त्या मिस्त्रीला एक विनंती करा. उरलेल्या लाकडातून एक इंचाचे सत्तावीस ठोकळे कापून दे आणि कडा पॉलिश पेपरने घासून दे म्हणावं. एका पिशवीत घालून ते क्लब हाउसमध्ये ठेवले तर ज्याला हवे त्याने न्यावेत, वापरून परत आणावेत. परत ठेवताना मोजून ठेवायचं काम मुलांकडे द्यावं.